मूस, तेजाब आणि वायू : जॉर्ज टाउनमधील गलाई कारखान्यांची सुरक्षितता

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग आणि त्याला लागून असलेले माण-खटाव हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. पाऊस ज्यांच्यावर रुसला त्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतील माणसांनी पोटासाठी जी वाट शोधली, ती गलाईची. सोने-चांदी गाळून शुद्ध करणे, मोडीच्या दागिन्यातील कस वेगळा काढणे, सराफाच्या दुकानातील झाडलोटीतूनही धातूचा कण परत मिळवणे, हे कौशल्य घेऊन ही माणसे भारताच्या बहुतेक सर्व मोठ्या शहरांत पोहोचली. जेथे सराफ कट्टा आहे तेथे विटा-आटपाडीकडचा गलाईवाला भेटतो. ज्या शाळेचा हीरक महोत्सव आज साजरा होत आहे, तिच्या हजेरीपटावरील किती नावे पुढे अशा परगावच्या पेढ्यांच्या पाट्यांवर गेली, हे सभागृहातील मंडळींना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच या व्याख्यानासाठी निवडलेला विषय वरवर यंत्रशास्त्राचा वाटला, तरी तो येथील घराघराचा आहे. भट्टीपाशी बसलेला माणूस जी हवा श्वासात घेतो, ती हवा कशी मोजावी आणि त्याचा जीव कसा राखावा, हा तो विषय होय.

उदाहरण म्हणून चेन्नईचे जॉर्ज टाउन घेऊ. बंदर आणि उच्च न्यायालय यांच्या सान्निध्यात वसलेली ही जुनी व्यापारी पेठ. इंग्रजांच्या काळात तिला प्रथम ‘ब्लॅक टाउन’ म्हणत, पुढे पंचम जॉर्ज यांच्या नावावरून आजचे नाव पडले. तिच्यातीलच एका भागाला सौकारपेट म्हणतात. मराठी कानाला या नावाचा अर्थ विचारावा लागत नाही. ती सावकारांची पेठच आहे. तेथील मिंट स्ट्रीटला तमिळमध्ये ‘तंगसालै’ म्हणतात आणि तो शब्द ऐकताच आपल्याला टांकसाळ आठवते. ईस्ट इंडिया कंपनीची टांकसाळ एके काळी याच रस्त्यावर होती. थंबू चेट्टी स्ट्रीटवरील कालिकांबाळ मंदिर हे विश्वकर्मा समाजाचे, म्हणजे सोनार-लोहारांचे श्रद्धास्थान. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी या देवीचे दर्शन घेतले, असे मंदिराची परंपरा सांगते. अशा या पेठेत, नेताजी सुभाषचंद्र बोस मार्गावरील सराफी दुकानांच्या मागे गल्ल्यांची जाळी पसरलेली आहे. तेथे मारवाडी व गुजराती व्यापारी, तमिळ व तेलुगू कारागीर आणि मराठी गलाईवाले एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून काम करतात.

या गल्ल्यांतील कामाची खोली कशी असते, ते नीट पाहिले पाहिजे, कारण धोका तेथेच जन्म घेतो. जागा महाग, म्हणून खोली लहान. आत मोलाचा माल, म्हणून खिडक्या कमी आणि रात्री दार पक्के बंद. सोन्याचा कीस उडू नये व फुंकणीची ज्योत हलू नये म्हणून कारागिराच्या बैठकीपाशी पंखा नको असतो. चेन्नईचा उकाडा असह्य म्हणून कोठे वातानुकूलन यंत्र बसते, आणि मग उरलेली फटही बुजवली जाते. वरच्या मजल्यावर कुटुंबे राहतात. गावाहून आलेली मुले पुष्कळदा कारखान्याच्याच माळ्यावर झोपतात. अशा खोलीत भट्टी, गॅसची टाकी आणि तेजाबाची बरणी ही तिन्ही हाताच्या अंतरावर असतात. सोने राखण्यासाठी केलेली प्रत्येक व्यवस्था हवा कोंडून ठेवते, हे या व्यवसायातील मूळ दुखणे आहे.

आता या खोलीत कोणते वायू निर्माण होतात ते क्रमाने पाहू.

पहिला आणि गलाईच्या धंद्याचा खास म्हणावा असा वायू म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. सोने शुद्ध करताना त्यात चांदी मिसळून ते मुशीत वितळवतात आणि मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकतात. चांदी व तांबे विरघळते, सोने तळाशी उरते. त्या क्षणी भांड्यातून जो तांबूस-तपकिरी धूर उसळतो, तोच हा वायू. गलाईवाला त्याला रोज पाहतो आणि रोज पाहिलेल्या गोष्टीचे भय राहत नाही. येथे थोडा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी खोली घ्या. तिच्यात २७ घनमीटर, म्हणजे २७,००० लिटर हवा मावते. संहत तेजाबात केवळ १० ग्रॅम चांदी विरघळली, तर रसायनशास्त्राच्या समीकरणानुसार सुमारे २.३ लिटर नायट्रोजन डायऑक्साइड तयार होऊ शकतो. दारे-खिडक्या बंद असताना तो खोलीभर पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ८५ भाग होतात. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत याच वायूसाठी घालून दिलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ३ भाग आणि पंधरा मिनिटांपुरती ५ भाग अशी होती. प्रत्यक्षात तेजाब किती तीव्र आहे आणि किती वायू बाहेर निघून जातो, यावर आकडा कमी-जास्त होईल. परंतु १० ग्रॅम म्हणजे एक तोळाही नव्हे, आणि एका दिवसात गलाईच्या भांड्यात किती तोळे उतरतात हे या धंद्यातील माणसाला ठाऊक असते.

या वायूचा कपटीपणा असा, की तो पाण्यात सहज विरघळत नाही. अमोनियासारखा वायू नाक-घशाच्या ओलाव्यातच अडकतो, तत्काळ झोंबतो आणि माणसाला पळवून लावतो. नायट्रोजन डायऑक्साइड थोडासा ठसका देऊन सरळ फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतो. तेथे त्याचे पुन्हा आम्ल बनते आणि फुप्फुसात हळूहळू पाणी भरू लागते. ही क्रिया काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी, जाणवते. दुपारी धूर घेतलेला कारागीर संध्याकाळी बरा दिसतो, रात्री जेवून झोपतो आणि पहाटे त्याला श्वास मिळेनासा होतो. म्हणून तपकिरी धूर मोठ्या प्रमाणात छातीत गेला असेल, तर त्रास नसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तेजाबाचा धूर घेतल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. स्टॅन्ले आणि राजीव गांधी शासकीय सामान्य रुग्णालय ही दोन मोठी शासकीय रुग्णालये जॉर्ज टाउनच्या कडेलाच आहेत. जवळ रुग्णालय असूनही उशीर होतो, तो बहुतेक वेळा ‘आता बरे वाटते आहे’ या एका वाक्यामुळे.

दुसरा वायू कार्बन मोनॉक्साइड. कोळशाची भट्टी, अपुऱ्या हवेत जळणारा गॅस, बंद खोलीत चालवलेले जनित्र, हे त्याचे उगम. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, थकवा ही त्याची लक्षणे साध्या जागरणासारखी भासतात. रात्री भट्टी पुरती विझलेली नसताना त्याच जागेत दार लावून झोपणे म्हणूनच अत्यंत धोक्याचे. झोपलेल्या माणसाला ही लक्षणेही कळत नाहीत.

तिसरा, स्वयंपाकघरातून प्रत्येकाच्या ओळखीचा, द्रवरूप पेट्रोलियम वायू. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, त्यामुळे गळती झाली की पाण्यासारखा जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की ठिणगीची वाट पाहणारे मिश्रण तयार होते. वर सांगितलेल्या त्याच खोलीत २ टक्के म्हणजे साधारण अर्धा घनमीटर वायू, आणि त्यासाठी सव्वा किलोहूनही कमी गॅस पुरतो. घरगुती टाकीत १४.२ किलो, तर व्यावसायिक टाकीत १९ किलो गॅस असतो. शिवाय गळलेला वायू खोलीभर सारखा पसरत नाही. तो तळाशी थर धरतो, म्हणून याहून पुष्कळ कमी गळतीनेही भडका उडू शकतो. अरुंद गल्लीत अग्निशामक बंब आत शिरण्यास वेळ लागतो, आणि वरच्या मजल्यावरील कुटुंबाला खाली येण्यास बहुधा तोच एक जिना असतो.

चौथा धोका दोन शेजाऱ्यांच्या मोरीत घडतो. दागिन्यांना मुलामा देण्याच्या कामात पोटॅशियम सायनाइडचा वापर होतो. एका कारखान्यातील सायनाइडचे पाणी आणि दुसऱ्या कारखान्यातील तेजाबाचे पाणी एकाच गटारात मिसळले, तर हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू मुक्त होतो. त्याला कडू बदामासारखा वास असतो असे म्हणतात, परंतु काही माणसांना तो वास जन्मतःच येत नाही. त्या गटारात उतरणारा सफाई कामगार ना गलाईवाल्याला ओळखत असतो, ना मुलामेवाल्याला. दोघांच्या निष्काळजीपणाची किंमत मात्र त्याच्या जिवाने मोजली जाते. गटारात आधीच मलमूत्राच्या कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अत्यल्प प्रमाणातही येतो. मात्र हवेच्या दहा लाख भागांत सुमारे १०० भाग झाले की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला असे वाटते, प्रत्यक्षात तो वाढलेला असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मनुष्याचे नाक हे वायू ओळखण्याचे भरवशाचे साधन नाही. भोपाळच्या कारखान्यात १९८४ मध्ये जी महाभयंकर दुर्घटना घडली, तेथील कामगार मिथिल आयसोसायनेटची गळती डोळे चुरचुरण्यावरून ओळखत असत. ज्ञानेंद्रियांवर विसंबलेली अशी सुरक्षितता केव्हा ना केव्हा धोका देतेच.

नाकाला मदत करण्याचे मानवाचे प्रयत्न जुने आहेत आणि त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. इंग्लंडमधील कोळसा खाणींत मिथेनचे स्फोट होत, तेव्हा १८१५ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असलेला दिवा तयार केला. ज्योतीवर निळसर टोपी दिसू लागली की खाणकामगार मिथेनची उपस्थिती ओळखत. त्याच शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने कार्बन मोनॉक्साइडच्या सूचनेसाठी लहान प्राणी-पक्षी खाणीत नेण्याचा सल्ला दिला. कॅनरी पक्षी मनुष्याआधी कोसळे आणि खाणकामगारांना पळण्यास अवधी मिळे. ब्रिटिश खाणींतून हा पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाला, त्याची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली.

शाळेच्या व्यासपीठावरून एक घटना आवर्जून सांगितली पाहिजे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेच्या तळघरात साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्या वायूला वास नव्हता, म्हणून गळती कोणाच्याच ध्यानात आली नाही. त्यानंतर वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याची सक्ती करणारा कायदा तेथे झाला आणि ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. आज आपल्या घरातील गॅसला जो उग्र वास येतो, तो त्या वायूचा स्वतःचा नाही. इथिल मरकॅप्टन हे द्रव्य त्यात हेतुपुरस्सर मिसळलेले असते. अशा दुर्घटनांतून मिळालेला हा इशारा आहे. तरीही सर्दी झालेल्या, झोपलेल्या वा वृद्ध माणसाला तो पुरेसा नसतो, आणि येथून पुढे यंत्राचे काम सुरू होते.

वायुशोधक उपकरणांचे तीन मुख्य प्रकार या चर्चेपुरते लक्षात ठेवावेत. पहिला उत्प्रेरक मण्याचा. अमेरिकेत ऑलिव्हर जॉन्सन यांनी १९२० च्या दशकात तेलवाहू जहाजांच्या टाक्यांतील ज्वलनशील बाष्प ओळखण्यासाठी या तत्त्वावरील उपकरण बनवले. प्लॅटिनमच्या तप्त तारेवर वायू जळतो, तार अधिक तापते, तिचा विद्युत्‌रोध बदलतो आणि काटा हलतो. दुसरा अर्धवाहक प्रकार. जपानमधील नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात कथिलाच्या ऑक्साइडचा असा संवेदक विकसित केला, आणि त्यामुळे घरगुती गॅसची स्वस्त घंटा शक्य झाली. तिसरा विद्युत्‌रासायनिक प्रकार. यात एक चिमुकला घट असतो, वायू आत शिरला की रासायनिक क्रिया होऊन सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह वाहतो आणि त्यावरून प्रमाण कळते. नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड यांसारख्या विषारी वायूंसाठी हाच प्रकार प्रामुख्याने वापरतात. यातील तारा, मणी आणि विद्युदग्रे बहुधा प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंची असतात, ही बाब गलाईच्या व्यवसायातील मंडळींना विशेष वाटावी.

उपकरण विकत घेणे ही सुरुवात झाली. ते कोठे बसवावे यात खरे शहाणपण आहे. स्वयंपाकाच्या गॅसची घंटा जमिनीपासून सुमारे एक फूट उंचीवर, टाकीच्या जवळ पण ज्योतीपासून दूर हवी. अनेक शहरांत आता नळाने नैसर्गिक वायू येतो. तो मिथेन असल्यामुळे हवेपेक्षा हलका असतो आणि त्याची घंटा छतालगत लावावी लागते. टाकीचा गॅस सोडून नळाचा गॅस घेतलेल्या घरात जुनी घंटा खालीच राहिली, तर ती असून नसल्यासारखी. कार्बन मोनॉक्साइडचे वजन हवेच्या जवळपास असते, म्हणून त्याचे उपकरण श्वासाच्या उंचीवर आणि जेथे माणसे झोपतात तेथे असावे. नायट्रोजन डायऑक्साइड हवेपेक्षा जड आहे. त्याचे उपकरण तेजाबाच्या कट्ट्यापाशी, बसलेल्या कारागिराच्या नाकाच्या पातळीवर ठेवणे योग्य, मात्र आम्लाची वाफ थेट त्यावर येता कामा नये. एकच डबी सर्व वायू ओळखते, हा समज सर्वांत घातक आहे. बाजारातील साध्या गॅसच्या घंटेला तेजाबाचा धूर कळेलच असे नाही.

उपकरणालाही आयुष्य असते. विद्युत्‌रासायनिक घट साधारण दोन ते तीन वर्षांत दमतो. सिलिकोनयुक्त पदार्थ आणि शिशाची संयुगे यांच्यामुळे उत्प्रेरक मणी ‘विषबाधित’ होतो. तो दिसतो शाबूत, पण गप्प राहतो. चांदीच्या कामात जेथे शिसे वापरतात तेथे ही गोष्ट दुहेरी महत्त्वाची आहे, कारण शिशाचा धूर कोणतीही वायूची घंटा ओळखत नाही आणि तो वर्षानुवर्षे शरीरात साचत राहतो. त्यासाठी रक्ततपासणीच करावी लागते. उपकरणाला ठरावीक काळाने ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन त्याचा आकडा पडताळणे, याला अंशशोधन म्हणतात. कस लावल्याशिवाय सोने न घेणाऱ्या माणसाने कस न लावलेल्या घंटेवर जीव सोपवू नये.

तथापि, घंटा वायू काढून टाकत नाही. ती केवळ सांगते. म्हणून तिच्या आधीची पायरी म्हणजे तेजाबाचे काम बंदिस्त धुराड्याखाली करणे, तो धूर पंख्याने खेचणे आणि बाहेर सोडण्यापूर्वी दाहक सोड्याच्या पाण्यातून धुऊन घेणे. नुसता खिडकीबाहेर काढलेला धूर शेजाऱ्याच्या घरात जातो. मुंबईत काळबादेवी-झवेरी बाजार परिसरातील सोने-चांदी वितळवणाऱ्या काही कारखान्यांची धुराडी महापालिकेने २०२४ मध्ये हटवली, ती रहिवाशांच्या अशाच तक्रारींतून. वस्तीने ज्याला सोसले नाही तो धंदा फार काळ टिकत नाही. तेव्हा धूर धुणे हा व्यवसायाच्या हिताचाही प्रश्न आहे. आम्ल आणि सायनाइड यांची पाणी वेगळी ठेवून, निष्क्रिय करूनच सोडणे, हे त्याच न्यायाने शेजारधर्माचे किमान कर्तव्य ठरते.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३६ वे कलम घातक वायू असलेल्या बंदिस्त जागेत तपासणी व लेखी प्रमाणपत्राशिवाय माणूस उतरवण्यास मनाई करत आले. ज्वलनशील वायूच्या ठिकाणी वापरावयाच्या विद्युत् उपकरणांना मान्यता देणारी पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना ही केंद्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. परंतु कारखाने अधिनियमाची व्याख्या यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागेसाठी साधारणपणे दहा कामगारांपासून सुरू होत आली. जॉर्ज टाउनच्या गल्लीतील चार माणसांची गलाई तिच्या उंबरठ्याबाहेर राहते. तेथे निरीक्षक येत नाही. मालक गावचा, कामगार गावचा, बहुधा नात्यातलाच. चुलत्याने पुतण्याला कामाला नेलेले असते. अशा ठिकाणी कायद्याची जागा घरच्या वडीलकीने घ्यावी लागते, आणि मुलगा परगावी पाठवणाऱ्या आई-वडिलांना ‘पगार किती’ याबरोबर ‘धुराडे आहे का, झोपण्याची जागा भट्टीपासून वेगळी आहे का’ हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. नात्याच्या भिडेपोटी तो प्रश्न गिळला जाऊ नये.

हा विषय परगावापुरता आहे, असेही कोणी मानू नये. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी येथे ९ एप्रिल २०२४ रोजी, शेण-मळी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचवण्यासाठी एकामागून एक उतरलेली पाच माणसे दगावली. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता. पहिला कोसळल्यावर दुसरा धावतो, ही माणुसकीच अशा वेळी घात करते. तासगाव भागात बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तेथे सल्फर डायऑक्साइड असतो. शीतगृहांत अमोनिया असतो, आणि तो हलका असल्याने त्याचा शोधक वर लावतात. बंद न्हाणीघरातील गॅस गिझर कार्बन मोनॉक्साइड निर्माण करू शकतो. हवेत प्राणवायू सामान्यतः २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांखाली गेला तर जागा असुरक्षित समजतात. विहिरीत मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीत विषारी वायू सांगत नाही, आणि ज्वलनशील वायू असल्यास तीच ठिणगी ठरते. प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन मोनॉक्साइड असे चारही मोजणारे हातातले उपकरण आज उपलब्ध आहे. बंदरात येणाऱ्या जहाजांवर तशी उपकरणे ठेवणे आंतरराष्ट्रीय नियमांनी १ जुलै २०१६ पासून बंधनकारक केले आहे. जॉर्ज टाउनला लागून असलेल्या बंदरातील जहाजावर जे सक्तीचे, ते पलीकडच्या गल्लीत निदान ऐच्छिक तरी असावे. आणि एका कारखान्याला जे परवडत नाही, ते दहा कारखान्यांना मिळून किंवा एका ग्रामपंचायतीला सहज परवडते.

घंटा वाजल्यावर काय करावयाचे, हेही आधीच ठरलेले असावे. गॅसची घंटा वाजली तर विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, टाकीची कळ फिरवून बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे. तेजाबाच्या धुरात नाकावर ओला रुमाल धरून काम पुरे करण्याचा मोह टाळावा. रुमाल हा वायू अडवत नाही. कोसळलेल्या माणसाकडे धावण्यापूर्वी हवा मोजावी, दोर बांधावा, मदत बोलवावी. या सूचना भिंतीवर मराठीत असाव्यात तशा तमिळमध्येही असाव्यात, कारण संकटात पहिला धावून येणारा शेजारी तमिळ असतो. तमिळमध्ये स्वयंपाकाच्या गॅसला ‘एरिवायु’ म्हणतात. ‘वायू’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, तेव्हा आरोळी समजण्यास अडचण येऊ नये.

साठ वर्षांत या शाळेने अनेक पिढ्यांना अक्षरओळख दिली आणि त्या अक्षरांच्या बळावर येथील मुले दूरदूरच्या पेठांत उभी राहिली. रसायनशाळेत नायट्रिक आम्ल आणि तांब्याचा प्रयोग दरवर्षी होतो, परीक्षानळीतून तपकिरी वायू निघतो आणि विद्यार्थी त्याचे समीकरण पाठ करतात. तोच वायू उद्या आपल्यापैकी कोणाच्या तरी कामाच्या खोलीत असणार आहे, हे त्या तासाला एका वाक्यात सांगितले जावे आणि एक वायुशोधक उपकरण मुलांच्या हाती देऊन त्याचा आकडा वाचून घेतला जावा, एवढी अपेक्षा हीरक महोत्सवाच्या निमित्ताने ठेवणे वावगे ठरू नये. माजी विद्यार्थी संघाने मनावर घेतले तर पुढील शैक्षणिक वर्षापूर्वीच हे होऊ शकेल.